आधण कधी उतरायचं?

गेल्या जानेवारीत रात्री साडेनऊच्या सुमारास भाचीचा फोन आला. "मामा, आमच्या एका फिल्मच्या तीन फिल्मा झाल्यात. उद्या येऊ काय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा जणं जिना चढून वर आली. सगळी कॉलेजची पोरं. भाची दिग्दर्शक. कॅमेरा शिरोळच्या मुलाकडं, आवाजाचं काम कागलच्या मुलाकडं. पन्हाळ्याकडची मुलगी लेखक, गडहिंग्लजची मुलगी संकलक. उत्तरेश्वर पेठेतल्या एकानं गाडी, जेवण, परवानग्या असलं सगळं निस्तरलेलं. पोरांनी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर तीन दिवस राहून गुळव्यावर, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिरावर, लघुपट केला होता. शूटिंग झाल्यावर तिघांनी सगळ्या फाइल आपापल्या लॅपटॉपवर घेतल्या आणि घरी बसून ज्यानं त्यानं आपल्या मनाचा चित्रपट लावला. भाचीचा एकोणीस मिनिटांचा झाला. कॅमेरावाल्याचा सोळा मिनिटांचा, त्यात नुसत्या पहाटेला तीन मिनिटं. लेखिकेचा चौदा मिनिटांचा, त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत निवेदन. गडहिंग्लजच्या मुलीला, जिचं ते काम, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी तिन्ही बघितले. तोच गुळव्या, रस उकळायची तीच काहील, तिच्याखालचं तेच चुलवाण. पण तीन ठिकाणी तीन वेगळी माणसं दिसत होती. पहिल्यातला गुळव्या थकलेला वाटत होता, दुसऱ्यातला एखाद्या चित्रासारखा सुंदर, तिसऱ्यातला उपदेश करणारा. पोरांचा चेहरा पडला होता. मी त्यांना म्हटलं, यात वाईट वाटून घेण्यासारखं काहीच नाही. संकलन ही काय ताकद आहे ते तुम्हाला आज पहिल्यांदा कळलं. आता एकत्र बसायचं.

माझा धंदा लग्नाच्या मिक्सिंगचा. कोल्हापुरात राजारामपुरीत वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली आहे, बाहेर 'शूटिंग व मिक्सिंग' अशी पाटी. पुस्तकात ज्याला संकलन म्हणतात त्याला आमच्याकडं मिक्सिंगच म्हणतात. मी शिकलो तेव्हा व्हीएचएसच्या कॅसेट होत्या. एका यंत्रावर मूळ कॅसेट लावायची आणि हवा तो तुकडा दुसऱ्या यंत्रावरच्या कॅसेटवर उतरवून घ्यायचा. मधला एखादा तुकडा बदलायचा म्हटला की तिथून पुढचं सगळं पुन्हा करायला लागायचं. त्यामुळं कापायच्या आधी विचार करायची सवय हाडात मुरली. आज संगणकावर शंभर वेळा कापता येतं, शंभर वेळा जोडता येतं. सोय मोठीच झाली, पण विचार करून कापायची ती सवय अजून तितकीच कामाची आहे.

लग्नांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात. त्या क्षणी मुलगी समोर बघते, तिची आई मुलीकडं बघते आणि बाप जमिनीकडं. कोण कुठं बघतंय हे नीट पाहिलं, की पुढचं चित्र कोणतं लावायचं ते आपोआप कळतं. बघणाऱ्याचं मन त्या नजरेमागं आधीच निघालेलं असतं, आपण फक्त त्याच्या सोबत जायचं.

आधी सगळ्यांनी बघायचं

शूटिंगमध्ये जे जे टिपलं जातं त्या सगळ्या कच्च्या मालाला रशेस म्हणतात. पोरांकडं सहा तास चाळीस मिनिटांचे रशेस होते. शेवटी चित्रपट झाला अकरा मिनिटांचा. म्हणजे ठेवलेल्या एका मिनिटामागं पस्तीसएक मिनिटं बाजूला गेली. पोरांना हे फार वाटलं. मी त्यांना 'अपोकॅलिप्स नाऊ' या १९७९ सालच्या अमेरिकन चित्रपटाची गोष्ट सांगितली. त्याचे रशेस सुमारे २३० तासांचे होते. त्याच्या संकलकांपैकी एक, वॉल्टर मर्च, यांनी नंतर हिशेब मांडला, तेव्हा एका संकलकाच्या वाट्याला दिवसाला सरासरी १.४७ कट आले. एवढी मोठी माणसं, एवढी मोठी साधनं, आणि दिवसाला दीड कट! बाकीचा वेळ बघण्यात, लावून पाहण्यात आणि मोडण्यात गेला.

कोल्हापूरच्या माणसाला हे प्रमाण समजायला सोपं आहे. टनभर ऊस गाळला तर गूळ होतो साधारण शंभर-सव्वाशे किलो. बाकीचं चिपाड होतं, मळी होते, वाफ होऊन जातं. ते वाया गेलं असं कुणी म्हणत नाही. चिपाड चुलवाणात जातं आणि त्याच्यावरच रस उकळतो.

पण बघायच्या आधी एक तांत्रिक घोळ निस्तरायला लागला. एक कॅमेरा सेकंदाला २५ चौकटींवर लावलेला होता आणि दोन शॉट मोबाइलवर घेतलेले होते. मोबाइल बहुतेक वेळा सेकंदाला ३० चौकटी टिपतो, आणि त्यातही उजेड आणि प्रोसेसरवरचा ताण पाहून हा वेग कमी-जास्त करत राहतो. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असेल तर सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, आणि आठ-दहा मिनिटांच्या सलग शॉटच्या शेवटी शब्द पुढं आणि ओठ मागं अशी गत होते. कागलच्या मुलानं दोन रात्री जागून हे हातानं जुळवायचा प्रयत्न केला होता. इलाज साधा आहे: मोबाइलच्या फाइल आधी एका ठरावीक वेगाच्या करून घ्यायच्या आणि मगच कामाला घ्यायच्या. नव्यानं काम करणाऱ्यांनी हे शूटिंगच्या आधीच ठरवावं. सगळ्यांनी एकच वेग धरावा, आणि प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला क्लॅप नसेल तर निदान एक टाळी वाजवावी. टाळीचा आवाज आणि हात जुळल्याचं चित्र एकमेकांवर बसवलं की पुढचं सगळं जुळतं. दुसरं, सगळा माल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावा आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरी. माझ्या ओळखीत एकच डिस्क पडल्यानं एका लग्नाची हळद कायमची गेली. त्या घरच्यांना काय सांगायचं हे मला अजून सुचत नाही.

मग दोन संध्याकाळी आम्ही सगळे रशेस बघितले. नियम एकच: बोलायचं नाही. दिग्दर्शकानं "इथं मला असं म्हणायचं होतं" म्हणायचं नाही, कॅमेरावाल्यानं "ह्यो शॉट घ्यायला किती त्रास झाला" सांगायचं नाही. प्रत्येकाच्या हातात वही. मनात काही हललं की पडद्यावरची वेळ लिहायची आणि पुढं दोन शब्द. पटलं तरी लिहायचं, कंटाळा आला तरी लिहायचं.

दुसऱ्या रात्री वह्या वाचल्या. सहाही वह्यांत एकच शॉट समान निघाला. तो कुणी ठरवून घेतलेला नव्हता. कॅमेरा बंद करायचा राहिला होता आणि काहिलीच्या वाफेनं चष्मा धुरकटला म्हणून गुळव्यानं धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्या, चष्मा उजेडाकडं धरून बघितला आणि पुन्हा घातला. सात सेकंद. तिघांच्या तिन्ही चित्रपटांत हा शॉट नव्हता. एकट्यानं शोधताना प्रत्येक जण आपल्याला हवं ते शोधत होता. सगळ्यांनी गप्प बसून बघितलं तेव्हा जे होतं ते दिसलं.

लग्नपत्रिकांच्या पाठीवर चित्रपट

माझ्याकडं जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. त्या मधोमध कापल्या आणि कोऱ्या बाजूवर एकेका शॉटचं नाव लिहिलं: 'चष्मा', 'चिपाड सारणारा गडी', 'भेंडीचं पाणी', 'मळी काढताना', 'वाफ्यात ओतताना', 'नातीचं दप्तर'. चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या झाल्या. सतरंजीवर त्या ओळीनं मांडल्या आणि सहा जणांनी त्याभोवती बसून चित्रपट लावायला घेतला. चिठ्ठी हलवायला कसलंही सॉफ्टवेअर यायला लागत नाही, त्यामुळं ज्याला संगणक चांगला येतो त्याचंच चालतं असं होत नाही. उत्तरेश्वर पेठेतला मुलगा, ज्यानं शूटिंगभर डबे आणि पेट्रोल बघितलं, त्यानं 'नातीचं दप्तर' उचलून शेवटाकडून सुरुवातीला ठेवलं आणि म्हणाला, "पोरगी शाळंला जाताना आजोबा कामावर हाईत. परत येती तवाबी कामावरच हाईत. दिवस किती मोठा हाय ते कळंल की." चित्रपटाचा सांगाडा त्या एका चिठ्ठीनं मिळाला.

सुरुवातीला लेखिकेला पडद्यावर एक ओळ हवी होती: कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माहिती खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. पण ती चिठ्ठी आम्ही जिथं ठेवू तिथं चित्रपट थांबून धडा सुरू व्हायचा. शेवटी तिनंच ती उचलून वहीत ठेवली.

चिठ्ठ्यांवरून संगणकावर पहिली जोडणी होते तिला असेंब्ली म्हणतात. ती लांब असते, जड असते आणि बघताना निराशा येते. आमची सव्वीस मिनिटांची झाली. तिच्यातून रफ कट, त्यातून फाइन कट. शेवटी चित्राची लांबी कायमची ठरते त्याला पिक्चर लॉक म्हणतात. त्यानंतरच आवाज आणि रंगावर बारीक काम करायचं. हा क्रम मोडला की कष्ट दुप्पट होतात. रंग लावून सजवलेला शॉट नंतर काढायची वेळ आली की हात धजत नाही.

इथपासून मी माउस गडहिंग्लजच्या मुलीच्या हातात दिला. "मी कापतो, तुम्ही मागं बसा," ती म्हणाली. आमच्या भागात मुलीही 'मी करतो', 'मी येतो' असंच बोलतात, आणि त्या वाक्यात जो ठामपणा होता तो त्या खोलीला हवाच होता. सहा जणांनी माउसवर हात ठेवला तर चित्रपट होत नाही. कापणारा हात एकच लागतो. मागून बघणारे डोळे मात्र जितके मिळतील तितके कमीच. गटानं संकलन करायचं म्हणजे सगळ्यांनी मिळून बघायचं. कापायचं एकानं. एवढी एक गोष्ट आधी ठरली असती तर तीन चित्रपट झालेच नसते.

खरी कॉर्नरचा कॅमेरा

ही पोरं रोज खरी कॉर्नरवरून येतात-जातात. तिथं कॅमेरा स्तंभ आहे. त्याच्याकडं बघत पोरं वाढली, पण त्याच्या मागची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. एका रात्री चहा घेताना मी ती सांगितली.

बाबूराव पेंटरांनी १९१७ साली कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकरांनी. हे ऐकून कागलच्या मुलाचे डोळे चमकले. परदेशी कॅमेरा मिळण्यासारखा नव्हता, म्हणून बाबूराव आणि विष्णुपंत दामले यांनी इथंच कॅमेरा घडवला. १९२० साली 'सैरंध्री' आला. बाबूराव मुळात चित्रकार आणि मूर्तिकार. त्यांच्याभोवती जमलेली तरुण पोरं पडदे रंगवत, सामान उचलत, लागेल तेव्हा तोंडाला रंग लावून उभी राहत. त्यांच्यातले एक शांताराम वणकुद्रे. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत दिसले ते हेच व्ही. शांताराम.

पुढं १ जून १९२९ ला कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. पाच भागीदार आणि पाच जणांची पाच अंगं. शांताराम दिग्दर्शनाकडं, दामले पुढं बोलपट आल्यावर ध्वनीकडं, फत्तेलाल कलेकडं, धायबर कॅमेऱ्याकडं आणि सीतारामपंत कुलकर्णी पैशाच्या व्यवहाराकडं. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट त्यांनी कोल्हापुरात केला. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. त्याच प्रभातच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज देशभरातली पोरं जिथं संकलन शिकायला जातात, त्या वास्तूचं मूळ आपल्या गल्ल्यांत आहे. रेणू सलुजा तिथंच संकलन शिकल्या आणि पुढं 'परिंदा', 'धारावी' अशा चित्रपटांच्या संकलनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. गडहिंग्लजच्या मुलीनं ते नाव वहीत लिहून घेतलं.

मला पोरांना सांगायचं होतं ते एवढंच, की एकत्र येऊन चित्रपट करणं ही या गावाची जुनी रीत आहे. आणि ती चालली याचं कारण प्रत्येकाला आपलं काम ठाऊक होतं आणि दुसऱ्याच्या कामाची कदर होती. अलीकडचं उदाहरण हवं तर नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' आहे. अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकत असताना केलेला तो लघुपट पुढं राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला.

आणखी एक योगायोग मला फार आवडतो. पूर्वी फिल्मच्या हजार फुटी रिळात सोळा हजार चौकटी मावायच्या. सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबानं ती चालते साधारण अकरा मिनिटं. पोरांचा चित्रपट अकरा मिनिटांचा झाला, म्हणजे जवळजवळ एका रिळाचा. हे ऐकून पोरं गप्प झाली. हार्ड डिस्कमधला चित्रपट त्यांना पहिल्यांदाच हातात धरता येण्यासारखा वाटला असावा.

एकच चेहरा, तीन अर्थ

गुळव्याचा एक शॉट होता. तो काहिलीच्या काठावर उभा आहे, नजर खाली, चेहऱ्यावर काही नाही. भाची म्हणत होती तो दुःखी आहे. लेखिका म्हणत होती तो अभिमानात आहे. वाद वाढला तेव्हा मी गडहिंग्लजच्या मुलीला तोच शॉट तीनदा लावायला सांगितला. एकदा त्याच्यानंतर उकळणारी काहील, एकदा रिकामी बाज, एकदा नातीचं दप्तर. पहिल्यात तो कामात गढलेला वाटला. दुसऱ्यात कुणाची तरी आठवण काढणारा. तिसऱ्यात पोरीच्या फीचा विचार करणारा. चेहरा तोच, चार सेकंदही तीच.

रशियात लेव्ह कुलेशोव यांनी साधारण १९२० च्या सुमाराला हेच करून दाखवलं होतं. एका नटाचा भावहीन चेहरा, आणि त्याच्यापुढं कधी सूपचा वाडगा, कधी शवपेटी, कधी एक स्त्री. बघणाऱ्यांना प्रत्येक वेळी नटाच्या चेहऱ्यावर वेगळा भाव दिसला. मॉस्कोच्या चित्रपटशाळेतले त्यांचे विद्यार्थी तेव्हा गटानंच शिकत होते. कच्च्या फिल्मची इतकी टंचाई होती की जुने चित्रपट कापून-जोडून बघणं हाच मोठा अभ्यास होता.

हा प्रयोग पोरांना पटला, पण मला त्यातली जबाबदारी सांगायची होती. रिकाम्या बाजेचा शॉट गुळव्याच्या घरचा नव्हताच. तो शेजारच्या शेतातला होता. तो लावला असता तर त्याच्या आयुष्यात नसलेलं एक दुःख आपण त्याच्या नावावर टाकलं असतं. खऱ्या माणसावर चित्रपट करताना हे जपायला लागतं. आम्ही दप्तर ठेवलं, कारण ती नात खरी होती आणि तिच्या शाळेबद्दल तो स्वतः बोलला होता.

बावन्न सेकंदांची पहाट

सगळ्यात मोठं भांडण झालं ते पहाटेच्या शॉटवरून. उसाच्या फडावर धुकं, मागं गुऱ्हाळाच्या धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर आणि हळूहळू तांबडं फुटतं. बावन्न सेकंद. त्यासाठी शिरोळचा मुलगा पहाटे चारपासून पाण्याच्या पाटात उभा होता. शॉट अप्रतिम होता. पण तो लागला की गुळव्या विसरायला व्हायचा.

"ह्यो काढला तर माझं काय राहिलं ह्यात?" तो म्हणाला. त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. अशा वेळी मतदान घ्यायचं नाही, असं माझं मत आहे. पाच विरुद्ध एक झालं की शॉट निघतो, पण माणूसही त्याच्याबरोबर निघून जातो.

मी त्याला मर्च यांची यादी सांगितली. कट कुठं करायचा हे ठरवताना ते सहा गोष्टी बघतात आणि प्रत्येकीला वजन देतात: भावना ५१ टक्के, कथा २३, लय १०, बघणाऱ्याची नजर पडद्यावर कुठं आहे ७, पडद्यावरची मांडणी ५, प्रत्यक्ष जागेचं भान ४. भावनेचं वजन एकटीचं निम्म्याहून जास्त. मग आम्ही चित्रपट दोनदा बघितला, एकदा पहाटेसह आणि एकदा पहाटेशिवाय. मधे कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदा संपल्यावर तोच उठला, मुलीच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "काढ." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "पण आवाज ठेव."

त्या बावन्न सेकंदांत लांबून येणारा घाण्याचा घरघराट होता, एका कुत्र्याचं भुंकणं होतं, आणि फडातून जाणाऱ्या वाऱ्याची सळसळ. कागलच्या मुलानं तो आवाज चित्रपटाच्या अगदी पहिल्या काळ्या पडद्याखाली टाकला. आधी काहीच दिसत नाही, नुसती पहाट ऐकू येते. मग चित्र उघडतं ते थेट चुलवाणातल्या जाळावर. चित्राच्या आधी आवाज आणायच्या या पद्धतीला आमच्यात 'जे-कट' (J-cut) म्हणतात. पाटातल्या थंड पाण्यात उभ्या असलेल्या पोराची पहाट अशी चित्रपटात राहिली.

पस्तीस चौकटी

चित्रपट झाला असं आम्हाला वाटलं. लॉक करायच्या आधी मी एकच गोष्ट सांगितली: गुळव्याला दाखवा.

एका रविवारी संध्याकाळी आम्ही लॅपटॉप घेऊन गुऱ्हाळावर गेलो. शेवटचं आधण, म्हणजे काहिलीतला शिजलेला पाक, उतरलं होतं, वाफ्यात गूळ निवत होता. पोरं गुळव्याला आबा म्हणतात. आबा बाजेवर बसले, चष्मा पुसला आणि अकरा मिनिटं न हलता बघितलं. चष्म्याचा शॉट आला तेव्हा त्यांच्या ओठांवर हसू आलं. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चांगलं केलंय. पण पोरांनो, पाणी कुठं गेलं?"

आम्हाला कळलं नाही. त्यांनी उठून दाखवलं. पाक शिजत आला की गुळव्या काठीनं थोडा पाक उचलतो, शेजारच्या भांड्यातल्या थंड पाण्यात टाकतो आणि पाण्यातच बोटांनी त्याची गोळी करून बघतो. गोळी बांधली की आधण उतरवायचं. थोडं आधी उतरवलं तर गूळ चिकट, थोडं उशिरा तर करपट. त्या वेळी पाक ११५ अंशांच्या वर तापलेला असतो. आमच्या चित्रपटात काठी वर येत होती आणि पुढच्याच शॉटमध्ये बोटं गोळी वळत होती. मधला पाण्याचा शॉट आम्ही काढला होता. हालचाल काठीवरून बोटांवर इतकी सुरेख जात होती, की सहाच्या सहा जणांना आणि मलाही तो कट सगळ्यात चांगला वाटला होता.

"असं केलं तर बोटं जातील की," आबा म्हणाले. "उद्या बघून एखादं पोरगं करंल."

परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. इतके दिवस आम्ही एकत्र बघत होतो, नियम पाळत होतो, वह्या लिहीत होतो, आणि त्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्टच आमच्या हातानं काढली गेली होती. कारण आमच्यातल्या कुणाच्याच बोटांना तो पाक ठाऊक नव्हता. त्या रात्री मला कळलं की 'सगळ्यांनी मिळून बघायचं' म्हणताना मी सगळ्यांना मोजलंच नव्हतं. ज्याच्यावर चित्रपट आहे, ज्याला ते काम येतं, तो त्या खोलीत नव्हता. इतक्या वर्षांच्या कामात मी नवऱ्या मुलीच्या आईला बसवून तिच्या लेकीच्या लग्नाचं मिक्सिंग कधी पक्कं केलं नाही. आता करतो.

पाण्याचा शॉट परत घातला. एक सेकंद आणि दहा चौकटी, म्हणजे पस्तीस चौकटी. हालचाल आता पूर्वीइतकी सुरेख जात नाही. काठी, मग पाणी, मग बोटं. मधे एक थांबा येतो, आणि त्या थांब्यात गुळव्याचं सगळं ज्ञान आहे.

शेवटी नावांचा प्रश्न आला. 'संकलन' या शब्दापुढं सहा नावं लिहायची की एक? पोरांनी आपापसांत ठरवलं. संकलनापुढं गडहिंग्लजच्या मुलीचं एकटीचं नाव आलं. इतरांची नावं आपापल्या कामापुढं. आणि 'विशेष मार्गदर्शन' म्हणून त्यांनी माझं नाव घातलं होतं, तिथं मी आबांचं घालायला लावलं.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. पुन्हा बाज, पुन्हा लॅपटॉप. काठी वर आली, पाक पाण्यात पडला, बोटांत गोळी बांधली. आबांनी मान हलवली आणि कामावरच्या गड्याला सांगावं तसं पोरांना सांगितलं, "झालं. उतरवा आता."